मदत हवी आहे: मंडळाच्या इंटरनेट रेडिओवर रामनवमीला गीतरामायण सलग वाजवता येईल का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील आमच्या महाराष्ट्र मंडळातर्फे आम्ही पाच-सहा स्वयंसेवक गेली दोन वर्षे एक छोटा इंटरनेट रेडिओ चालवत आहोत. रोज दहा तास मराठी गाणी, मधूनमधून निवेदन आणि रविवारी सकाळी शास्त्रीय संगीत असे त्याचे स्वरूप आहे. एका वेळी सरासरी वीस श्रोते असतात. आकडा लहान आहे. पण त्यांतील बरेच जण मुलांकडे राहायला आलेले आईवडील आहेत, ज्यांना इथे गाडी चालवता येत नाही, दुपारी बोलायला घरात कोणी नसते आणि ज्यांचा दिवस एके काळी आकाशवाणीच्या वेळापत्रकावर चालत असे. त्यांच्यासाठी हा रेडिओ टिकला पाहिजे, असे आम्हां सर्वांना मनापासून वाटते.

मागच्या महिन्यात, ज्या कंपनीच्या सर्व्हरवरून आमचे प्रसारण होते तिचे पत्र आले. संगीताच्या परवान्याची कागदपत्रे ३० दिवसांत सादर करावीत, अन्यथा प्रसारण थांबवण्यात येईल, असा त्याचा आशय होता. सर्व्हरच्या मासिक शुल्कातच परवानाही येतो, अशी आमची समजूत होती आणि ती चुकीची ठरली. त्यानंतर मी जे वाचले, त्यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आणि काही प्रश्न अधिकच अवघड झाले. म्हणून हा धागा.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने इंटरनेट प्रसारकांसाठी वैधानिक परवाना उपलब्ध करून दिला. प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्रपणे परवानगी मागत न बसता साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे ठरलेल्या दराने पैसे भरायचे आणि नियम पाळायचे, अशी ती व्यवस्था आहे. जमा रकमेतील ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथसंगतीच्या कलाकारांसाठीच्या निधीला जातात. गायकाचा वाटा कंपनीच्या हातून न जाता थेट त्याला मिळतो, ही गोष्ट मला फार न्याय्य वाटते. तेच गाणे मनोऱ्यावरून एफएमवर वाजले, तर अमेरिकी कायद्यानुसार गायकाला काहीही द्यावे लागत नाही. इंटरनेटवर मात्र द्यावे लागते. भार लहान प्रसारकांवर पडतो, ही तक्रार जुनी आहे. २००७ मध्ये दर एकदम वाढले, तेव्हा अनेक इंटरनेट केंद्रांनी २६ जून रोजी दिवसभर संगीत बंद ठेवून निषेध नोंदवला होता.

आता आमचा हिशेब. हिशेबासाठी २०२१ चा दर घेतला आहे. व्यावसायिक प्रसारकाला प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक श्रोत्यासाठी ०.००२१ डॉलर द्यावे लागत. तासाला १४ गाणी, दहा तास आणि वीस श्रोते धरले, तर दिवसाला २,८०० आणि वर्षाला १०,२२,००० वादने होतात. म्हणजे सुमारे २,१४६ डॉलर. याउलट करमुक्त ना-नफा संस्थेला एका केंद्रासाठी वर्षाला १,००० डॉलर इतकेच किमान शुल्क होते आणि महिन्याला १,५९,१४० श्रवण-तासांपर्यंत (एका श्रोत्याने एक तास ऐकले की एक श्रवण-तास) त्यापुढे काही द्यावे लागत नसे. आमचे श्रवण-तास जेमतेम ६,००० आहेत. मंडळ ना-नफा संस्था म्हणून नोंदलेले असल्यामुळे आम्ही दुसऱ्या गटात बसतो, असे मी समजतो. (मोजणी गाण्याच्या लांबीवर नसून संख्येवर आहे, त्यामुळे चाळीस मिनिटांचा ख्याल आणि तीन मिनिटांचे भावगीत यांचे मोल सारखेच धरले जाते. शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्यांना ही बाजू अनुकूल आहे.)

पैशांची सोय मंडळ करील. खरी अडचण नियमांची आहे. कोणत्याही तीन तासांत एका अल्बममधील तीनच गाणी वाजवता येतात आणि त्यांतली सलग दोनच. एका मुख्य कलाकाराची चारच गाणी, त्यांतली सलग तीनच. कोणते गाणे केव्हा वाजणार, हे आधी जाहीर करता येत नाही. हे नियम कोणी अख्खा अल्बम घरी उतरवून घेऊ नये या हेतूने केलेले आहेत आणि तो हेतू मला समजतो. परंतु आपल्याकडे गाणे ऐकण्याची रीत निराळी आहे. आपण गायकाच्या जयंतीला सकाळपासून त्याचाच आवाज ऐकतो. आणि गीतरामायणाचे काय करावे? १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते ऐकवली. आमच्या श्रोत्यांपैकी काहींनी ती तेव्हा लहानपणी ऐकलेली आहेत. सुधीर फडके यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका क्रमाने, पूर्ण ऐकवावी अशी त्यांची मागणी आहे. नियमाप्रमाणे तीन तासांत त्यांतली तीनच गीते वाजवता येतील. कुश-लव गायला बसले आणि तीन गीतांनंतर तीन तास थांबले, असे होईल.

दुसरी अडचण भारतातील श्रोत्यांची. आमच्या श्रोत्यांची भावंडे पुण्या-नाशिकहून ऐकतात. अमेरिकेचा परवाना अमेरिकेतील श्रोत्यांपुरताच असतो. याच कारणाने पँडोरा या अमेरिकी इंटरनेट रेडिओने २००७ मध्ये परदेशातील श्रोत्यांसाठी सेवा बंद केली होती. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांना वैधानिक परवाना देणारे कलम ३१-ड आले, पण ते रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतेच आहे, इंटरनेटला लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे तिथे प्रत्येक हक्कधारकाशी स्वतंत्र करार करावा लागतो.

तेव्हा माझे प्रश्न असे: गीतरामायणासाठी काही वैध मार्ग आहे का? भारतातील श्रोत्यांना बंद करण्यावाचून पर्याय आहे का? आणि साउंडएक्स्चेंजला द्यायच्या वाजवलेल्या गाण्यांच्या अहवालात जुन्या तबकड्यांची माहिती कशी भरावी, कारण कित्येक तबकड्यांवर गायकाचे नाव आणि क्रमांक यापलीकडे काही नाही? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रात काम केले आहे, त्या आधारे लिहितो.

तीन आणि चार गाण्यांची मर्यादा ही वैधानिक परवान्याची अट आहे. ध्वनिमुद्रणाच्या मालकाने स्वतंत्र लेखी परवानगी दिली, तर ती अट उरत नाही. तुम्हांला वर्षातून एक दिवस हवा आहे. कंपनीला तेवढेच मागा, तारीख आणि अपेक्षित श्रोतृसंख्या लिहून कळवा. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. मंडळात गाणारे असतीलच. त्यांनी गीते स्वतः सादर केली आणि तुम्ही ती थेट प्रसारित केली, तर मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच येत नाही. मात्र गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क कायम राहतात. गदिमांचे निधन १९७७ चे आणि बाबूजींचे २००२ चे आहे. या हक्कांचा परवाना साउंडएक्स्चेंज देत नाही, त्यासाठी अॅस्कॅप, बीएमआय यांसारख्या संस्थांकडे जावे लागते आणि तुमच्या रोजच्या गाण्यांसाठीही तो लागतोच. हे आधी पूर्ण करा.

जयंतीसाठी एक सुचवतो: गायकाऐवजी गीतकार किंवा संगीतकार निवडा. मर्यादा मुख्य कलाकाराची आणि अल्बमची आहे, रचनाकाराची नाही. वेगवेगळे गायक घेतले, तर दिवसभर एकाच कवीची गाणी लावता येतात.

जुन्या तबकड्यांबाबत सावध राहा. १९३५ सालची तबकडी भारतात केव्हाच हक्कमुक्त झाली असली, तरी अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधील ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण आहे. वैधानिक परवान्याखाली ती वाजवता येते, पण अहवालात तिची नोंद हवी. कंपनी आणि तबकडीचा क्रमांक लिहून ठेवा, लेबलाचे छायाचित्रही काढा. भारतातील श्रोत्यांना तूर्त बंद करणेच योग्य. निवेदन आणि मुलाखती मात्र वेगळ्या ध्वनिफिती म्हणून त्यांना देता येतील.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. थेट सादरीकरणाचा विचार आम्हांला सुचलाच नव्हता. काल बैठक झाली. मंडळातील चौदा जणांनी गायची तयारी दाखवली आहे आणि दोघांकडे पेटी-तबला आहे. ५६ गीते एका दिवसात होणार नाहीत, म्हणून रामनवमीपासून नऊ रविवार घेण्याचे ठरले. रचनांच्या परवान्यासाठीचा अर्ज आज पाठवत आहोत. यातील गीतांचे स्वरलेखन कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.