मदत हवी आहे: एचपीव्हीची रक्ततपासणी कुठली? (तातडीचं)

घाईत_आहे: घशाच्या कॅन्सरवाला एचपीव्ही विषाणू अंगात आहे का, हे कुठल्या रक्ततपासणीत कळतं? नुसतं नाव सांगा. आणि लस आता घेतली तर चालेल का? ज्ञानामृत नको, गूगल वाचून झालंय.

शंकासूर: कोणासाठी? वय? त्रास काय?

जुनाजाणता: आधी तंबाखू बंद करा.

घाईत_आहे: खात नाही, ओढतही नाही. मानेत गाठ आलीये, ते लिहायचं राहिलं.

शंकासूर: धन्य आहात! कधीपासून? दुखते का?

घाईत_आहे: दोन-अडीच महिने. दुखत नाही म्हणून तर लक्ष दिलं नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. सोनोग्राफीत पाण्याची गाठ म्हणाले. वय ४७. आता तपासणीचं नाव सांगा.

अधूनमधून: रक्तातून कळतं की. ईबीव्हीचा डीएनए बघतात.

कात्री: @अधूनमधून, विषाणू वेगळा, जागाही वेगळी. ईबीव्हीचा संबंध नाकामागच्या कॅन्सरशी. एचपीव्ही १६ या प्रकाराचा कॅन्सर टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी होतो. तिथला मूळ डाग कधीकधी इतका बारीक असतो की मानेतली गाठच आधी हाताला लागते. गर्भाशयमुखासाठी त्रास नसतानाही करायची पॅप आहे, तशी घशासाठी चाचणी अजून नाही.
@घाईत_आहे, चाळिशीनंतर मानेत आलेली पाण्याची गाठ सुईने तपासल्याशिवाय साधी मानू नका. घसा दुर्बिणीने बघून घ्या. कॅन्सर निघालाच तर तो एचपीव्हीचा आहे का हे बघायला त्याच नमुन्यावर पी१६ नावाची चाचणी करतात. एचपीव्हीचा असेल तर तो उपचारांना सहसा चांगली दाद देतो. लस झालेला संसर्ग घालवत नाही.

लेकुरवाळी: लस मुलींचीच ना? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

कात्री: मुलग्यांनाही देतात, ९ व्या वर्षापासून. संसर्गाआधी घेतली तरच खरा फायदा. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी संस्था) तिच्या उपयोगांत घशाचे कॅन्सरही धरले. बाकी वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे गाठ राहायची बाजूला.

जुनाजाणता: लशींचं फॅड आहे नुसतं. मी रोज गुळण्या करतो, घसा ठणठणीत.

शंकासूर: काका, गाठ मानेत आहे. गुळणी तिथे कुठून पोचणार?

घाईत_आहे: सुईची तपासणी झालीये हो, मागच्या महिन्यात. ‘नमुना अपुरा’ आलं. म्हणजे काही सापडलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

कात्री: अहो!! अपुरा म्हणजे तपासायला पुरेशा पेशीच मिळाल्या नाहीत. पाण्याच्या गाठीत होतं असं. सोनोग्राफीत बघत, गाठीच्या भिंतीतून पुन्हा नमुना घेता येईल का विचारा. कान-नाक-घसावाल्यांची वेळ कधीची आहे?

घाईत_आहे: घ्यायचीये अजून.