हौशी गळवाल्यांचे मासे हिशेबात धरायचे की नाही?

गळटाक्या
न्यू जर्सीत दहा वर्षं किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बास या पट्टेरी माशाला गळ टाकतोय. परवा जेट्टीवर पुन्हा तेच ऐकलं: साठा घटला तो जाळीवाल्यांमुळे. अरे, २०१७ चे आकडे बघा! त्या वर्षी मासेमारीत मेलेल्या बासपैकी सुमारे ९० टक्के आपल्या, हौशी लोकांच्या खात्यावर. एकूण मेलेल्यांत जवळपास निम्मे तर आपण 'सोडून दिलेले'. सोडलेल्या शंभरांत नऊ मरतात असं धरतात, पण आपण सोडतोच इतके की त्या नऊ-नऊचा ढीग होतो. प्रत्येक गळवाल्याला नोंद सक्तीची करा.

आकडेमोड
साफ असहमत. हे आकडे मोजलेले नाहीत, अंदाजलेले आहेत. आधी सर्वेक्षणवाले घरच्या फोनवर विचारायचे, गेल्या दोन महिन्यांत किती वेळा मासे धरायला गेलात? मग टपालाने विचारायला लागले आणि २०१८ मध्ये १९८१ पासूनचे आकडे नव्याने काढले. फेऱ्या कैक पटींनी वाढल्या! पुढे २०२३ मध्ये हे सर्वेक्षण चालवणाऱ्या नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्याच छोट्या चाचणीत दिसलं की प्रश्नांचा क्रम बदलला तर फेऱ्या साधारण ३०-४० टक्के कमी भरतात. आणि त्याच वर्षी असल्याच आकड्यांवरून आमच्या माशाला २८ ते ३१ इंचांची पट्टी लावली, म्हणजे तेवढ्याच लांबीचा मासा ठेवायचा, बाकीचे सोडायचे.

खाडीकाठ
दादा, एक गंमत राहिली. धरलेले मासे जास्त निघाले की साठ्याचा अंदाजही वर जातो. एवढे निघत होते तर पाण्यात तेवढे असणारच ना! म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी वाढते. तरी २०१८ च्या साठ्याच्या शास्त्रीय आकलनात निष्कर्ष हाच आला की साठा सुरक्षित मर्यादेखाली आहे आणि उपसा जास्त. न मोजणं हा काही उपाय नाही. आमच्याकडे रत्नागिरीला बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद घेणारे येतात. मी खाडीच्या पुलावर गरी टाकून बसतो, माझी पिशवी आजवर कुणी उघडून बघितली नाही.

आकडेमोड
मोजू नका म्हणत नाहीये हो. पण सक्तीच्या नोंदीत रिकाम्या हाताने परतलेला कशाला काही लिहील? मग सगळेच पट्टीचे मासेमार दिसणार.

गळटाक्या
हे मात्र खरं. म्हणून धक्क्यावर उभं राहून विचारणारी माणसंही वाढवावीत, नुसत्या नोंदीच्या ॲपवर भागणार नाही. काल मी पाच सोडले. एकाने गरी गिळली होती, तो उताणा तरंगत गेला.

आकडेमोड
तो कुठे लिहिलात?