घरी केलेली कपडे धुण्याची पावडर: तुमचे अनुभव सांगा

घरखर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून वर्षभर मी कपडे धुण्याची पावडर घरीच करतेय. साबणाची वडी बारीक किसते, त्याच्या दुप्पट धुण्याचा सोडा मिसळते, एका खेपेला दोन चमचे. पैसे वाचतात, पण कपडे खरंच स्वच्छ निघतात का? फसलेले प्रयोगही लिहा, तेच जास्त उपयोगी पडतील.

—

आमचं पाणी जड. पहिले दोन महिने सगळं छान. मग टॉवेल पाणी टिपेनात, पांढरे शर्ट राखाडी दिसू लागले. साबण कमी पडतोय असं समजून मी तो वाढवत गेलो, तिथेच चुकलो. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि कापडाच्या धाग्यांत जाऊन बसतो. विकतच्या डिटर्जंटचा सहसा असा साका होत नाही. सोडा मात्र हे क्षार आधीच खाली बसवतो. म्हणून आता आधी सोडा पाण्यात विरघळवतो, मग साबण. टॉवेल गरम पाण्यात सोडा घालून चार तास भिजवले, तर पाणी दुधासारखं गढूळ झालं! बरेच सुधारले. पांढऱ्या कपड्यांना मात्र मी परत विकतची पावडर आणली.

—

लोकर आणि रेशीम यापासून लांब ठेवा, कळकळीने सांगते. सोड्याच्या पाण्याचा पीएच 11 च्या आसपास असतो, म्हणजे ते बरंच अल्कधर्मी (आम्लाच्या उलट), आणि हे धागे प्रथिनांचे, ते अशा पाण्यात खराब होतात. माझा आवडता स्वेटर आक्रसून राठ झाला. आता अशा कपड्यांना रिठ्याचं पाणी: टरफलं रात्रभर भिजवायची, उकळायची, गाळायची. लागेल तेवढंच करा, दोन-तीन दिवसांत आंबतं. कॉलरचा तेलकट मळ त्याने निघत नाही. आणि सोडा हाताळताना हातमोजे हवेतच.

—

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फसफसतं खूप, पण दोघंही एकमेकांचा जोर मारतात. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर व्हिनेगर कधीच नको, विषारी वायू सुटतो.

—

धुण्याचा सोडा मिळेना म्हणून मी खायचा सोडा ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर तापवला. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो तो धुण्याचा सोडा. पण 100 ग्रॅमचे जेमतेम 63 ग्रॅम! वर विजेचा खर्च. बचत कुठली?

—

घरात तान्हं बाळ आहे. दुधाचे, रक्ताचे डाग घरच्या पावडरीने हलले नाहीत. त्यांना एन्झाइमवाली पावडरच लागली. रोजच्या घामाच्या कपड्यांना घरची पुरते.

—

जड पाण्याबद्दल लिहिणाऱ्यांचे आभार. वाचून लगेच उठले आणि टॉवेलवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. वरच राहिले, मुरलेच नाहीत. आज रात्री सगळे टॉवेल सोड्यात भिजवतेय.