इंग्रजी वाक्यरचनेची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न:
मी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे मुलांना शब्द पुष्कळ येतात, परंतु वाक्य करताना ती ‘आय मँगो ईट’ असेच लिहितात. व्याख्या पाठ करून न घेता ही रचना कशी रुजवावी?

प्रतिसाद १:
ताई, ही चूक मराठीच्या पक्क्या जाणिवेतून येते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि प्रत्ययांमुळे ‘मुंगूस सापाला मारते’ व ‘सापाला मुंगूस मारते’ यांचा अर्थ एकच राहतो. इंग्रजीत मात्र कोण मारतो आणि कोण मरतो हे शब्दांच्या जागेवरून ठरते. कर्ता, क्रियापद व कर्म यांच्या तीन रंगांच्या पट्ट्या करा, मुलांना त्यांची अदलाबदल करू द्या आणि अर्थ कसा उलटला हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

प्रतिसाद २:
पट्ट्यांचा उपाय योग्यच आहे, मात्र ‘मला भूक लागली आहे’ किंवा ‘पाऊस पडतो आहे’ यांसारखी वाक्ये सुरुवातीला कटाक्षाने टाळावीत, असे माझे ठाम मत आहे. कारण पहिल्यातील ‘मला’ इंग्रजीत कर्ता होतो, तर दुसऱ्यासाठी ‘इट’ हा केवळ जागा भरणारा कर्ता आणावा लागतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. मग ‘टेबलावर’ आणि ‘ऑन द टेबल’ हा क्रम केव्हा घ्यावा?

प्रतिसाद १:
तीन पट्ट्यांचे वाक्य मुले न अडखळता बोलू लागली, की लगेच चौथी पट्टी स्थळाची द्यावी.