१८ मीटरच्या रस्त्यावर पदपथ आणि सायकल ट्रॅक: आराखड्यात काय तपासावं?

पेठकर
पुण्यात आमच्या १८ मीटर रस्त्याचा आराखडा हरकती-सूचनांसाठी आलाय. दोन्ही बाजूंना २ मीटर पदपथ, त्याला लागून त्याच उंचीवर १.५ मीटर सायकल ट्रॅक. दुकानं, सोसायट्यांची गेटं, झाडं भरपूर. लेखी काय मागावं?

आडवा_छेद
आधी त्या २ मीटरमध्ये झाडाचं आळं आणि विजेचा डीपी बॉक्स धरलेत का ते बघा. आळ्याने मीटरभर खाल्लं तर उरलेल्यात व्हीलचेअर वळतसुद्धा नाही. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पदपथांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं) नुसार चालायला किमान १.८ मीटर पूर्ण मोकळी जागा लागते. झाडं-खांबांचा पट्टा त्याच्या बाहेर. सध्याची झाडं, चेंबर, डीपी दाखवणारे आडवे छेद (रस्ता आडवा कापल्यावर दिसेल तसं रुंदी-उंचीचं चित्र) मागा. नुसता वरून काढलेला नकाशा मान्य करू नका.

फरसबंदी
खरी वाट लागते ती गेटांपाशी. प्रत्येक गेटाला पदपथ खाली उतरवला की चालणारा सतत चढ-उतार करतो आणि कंटाळून रस्त्यावरून चालतो. कर्ब (पदपथाची कड) १५० मिमीहून उंच नको. चालण्याचा पट्टा गेटासमोरही सपाट ठेवायचा, गाडीचा उतार झाडांच्या पट्ट्यात बसवायचा. तिथे पेव्हर ब्लॉक ८० मिमीचे आणि खाली काँक्रीट हवं. ६० मिमीचे नुसत्या वाळूवर बसवले तर चाकाखाली वाळू सरकते, ब्लॉक डुलायला लागतात आणि पावसात पाय ठेवला की फटीतून चिखल उडतो.

दोन_चाकं
१.५ मीटरचा ट्रॅक मला अजिबात पटत नाही. एकाला दुसऱ्याच्या पुढे जायला २ मीटर लागतात. पदपथाच्याच उंचीवर असला की चालणारे आणि लावलेल्या दुचाकी त्यावर येणारच. थोडा खाली घ्या, वर डांबर किंवा काँक्रीट; ब्लॉक नकोत. जागा बसते: गाड्यांना ७ मीटर, पदपथ २.५ चे दोन, ट्रॅक २ चे दोन, उरलेले २ मीटर झाडं-खांबांना. चौकाच्या अलीकडे ट्रॅक संपवला असेल तर तीच पहिली हरकत लिहा.

पेठकर
मग पार्किंग?

दोन_चाकं
दोन्ही बाजूंना मिळणार नाही. झाडं एकाच बाजूला असतील तर तिथे दोन झाडांच्या मध्ये, तेवढंच.

फरसबंदी
रस्ता ओलांडायला उंचावलेलं क्रॉसिंग असेल तर ते पाणी अडवतं, म्हणून पाणी ज्या बाजूने येतं तिथे, क्रॉसिंगच्या अलीकडे जाळीचं चेंबर मागा. नाहीतर तिथे तळं साचतं आणि मग क्रॉसिंगच उखडून टाकतात. पत्र पथ विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय दोघांना द्या, पोच घ्या.