मदत हवी आहे: गुळाचा टी लाते घरी कसा जमवायचा?

सांगलीत संध्याकाळी छान गारवा पडतोय, म्हणून आईसाठी घरीच टी लाते (वर दुधाचा फेस असलेला चहा) करतेय. तिला साखर चालत नाही, गूळच हवा. आणि इथे इतका चांगला गूळ मिळत असताना बाटलीतलं सिरप कशाला?

आलं, वेलची आणि चिमूटभर आपली सांगलीची हळद (2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, रंग काय सुरेख येतो!) पाण्यातच उकळते, कारण कच्च्या आल्यानं दूध फाटतं. पण गॅस बंद करून गूळ घातला तरी कधीकधी फाटतंच. तुम्ही गुळाचा पाक वेगळा करून घालता का? रवीनं घुसळलेला फेसही लगेच बसतो. दूध गाईचं घ्यावं की म्हशीचं? किती गरम असावं? स्वतः करणाऱ्यांनी कृपया नीट सांगा.