रोलर कबुतरांची पैदास आणि शिकवण : मदत हवी आहे

नमस्कार. डिचोलीत घराच्या मागच्या पडवीला लागून बर्मिंगहॅम रोलर (उडताना हवेत उलट कोलांट्या घेणाऱ्या) कबुतरांसाठी छोटी ढाबळ बांधायची आहे. मोठी कबुतरे विकत आणून सोडली तर ती जुन्या ढाबळीकडे परततात, म्हणून आणलेल्या जोड्या जाळीतच ठेवून त्यांची पिल्लेच उडवावीत, एवढे ठरले आहे. अंडी साधारण 18 दिवसांत फुटतात आणि पिल्लू महिन्याभरात स्वतः दाणे टिपू लागते. पण त्याला छपरावर पहिल्यांदा कधी सोडावे? भुकेल्या पोटी उडवून दाण्याच्या डब्याच्या खडखडाटावर खाली बोलवावे हे पटते, मात्र ज्वारी, बाजरी आणि वाटाणा यांचे प्रमाण कसे ठेवावे? फार खोल कोलांट्या घेणारे नर-मादी एकत्र केल्यास काही पिल्ले वेळेत सावरू न शकल्याने जमिनीवर आदळतात (मला तरी हा प्रकार क्रूर वाटतो), तेव्हा हवेत स्वतःला आवरणारी जोडी विकत घेताना कशी ओळखावी? आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी धरते. ढाबळीची जमीन लाकडी पट्ट्यांची करावी की तारेच्या जाळीची? शिक्रा हा शिकारी पक्षीही अधूनमधून माडावर येऊन बसतो. गोवा आणि सिंधुदुर्गातील पाळणाऱ्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.